बंगल्याचं वाचनालय

रुवैस, अबुधाबी
१४ मे १९९७

ती. दादा,
तुला आणि वहिनीला नमस्कार. इथे उन्हाळा तापलाय, एसीच्या आडोशाला आम्ही बरे आहोत.

उद्घाटनाचे फोटो मिळाले. आपल्या कॉफीमळ्यावरच्या बंगल्याचं सार्वजनिक वाचनालय झालेलं पाहून ऊर भरून आला, असं लिहायला हवं. पण मला संशय आला.

चिखलदऱ्याचे लोक आजोबांचा तो बंगला मागून थकले. आई प्रत्येकाला घरची कॉफी पाजायची आणि वाटेला लावायची. "माझ्या पश्चात करा काय ते वाचनालय," हे तिचं ठरलेलं उत्तर. मग यंदा तिने हो म्हटलं कसं?

तिची कॉफीच्या बिया वाळवायची ओसरी पुस्तकांच्या कपाटांनी भरलीय. पाहुण्यांच्या रांगेत वहिनी आहे, शेजारचे जहूरचाचासुद्धा आहेत. आई एकाही फोटोत नाही.

फोनवर विचारलं तर म्हणालास, देवळात गेलीय. दादा, तिचे गुडघे मला ठाऊक नाहीत का? पुढच्या वेळी म्हणे झोपलीय. सकाळी अकराला! आजारी असतानाही ती कधी उन्हं येईपर्यंत अंथरुणात राहिली नाही.

विलासही तुम्हाला सामील दिसतो. तुझा फोन आला की बाल्कनीत जातो आणि परत येऊन न सांगता भांडी घासतो. लग्न झाल्यापासून हे प्रथमच. काय झालं विचारलं तर, "हेमा, टेन्शन नको घेऊस. डॉक्टरने रेस्ट सांगितलीय ना? डिलिव्हरी होऊ दे, मग इंडियाला जाऊ, इन्शाल्ला." मला सातवा सरतोय आणि मागच्या वेळी काय झालं ते कुणी विसरलेलं नाही, म्हणून हे चाललंय. मला राग येतो. भीतीही वाटते.

काल फोटो पुन्हा खिडकीपाशी नेऊन पाहिले. मे महिन्यातल्या भर दुपारी तू कानापर्यंत लोकरीची टोपी घातली आहेस. टोपीखाली एक केस दिसत नाही. केस का काढलेस, दादा?

बातमी कळल्याशिवाय लेकीला सूतक लागत नाही. तुम्ही कळवत नाही, म्हणून मी रोज देवापुढे दिवा लावते आणि आईसाठी आयुष्य मागते. आज काडी ओढली आणि हात पुढे जाईना.

पत्र मिळताच फोन कर, विलासला नको, मला. आई असेल तर तिला फोनवर आण, मला पोटभर रागावू दे. नसेल तर माझ्या वाटचे सुतकाचे तीन दिवस मला दे.

देवापुढे अंधारात बसलेली,
हेमा