केलेपीचे थक्क करणारे शुक्रवार

खाडीकाठ, टोंगाटापू
शनिवार, ओहोटीची वेळ

तीर्थरूप लोसालिने आत्यांच्या चरणी,

मानासेचा नमस्कार. आमचं डोकं तुमच्यापेक्षा वर असू नये म्हणून हे पत्र मी खुर्ची सोडून खाली चटईवर बसून लिहितो आहे (तुम्ही ऑकलंडला आहात हे ठाऊक आहे, पण रीत ती रीत). गुडघे कसे आहेत? पाठवलेलं खोबरेल तेल पोचलं का, की विमानतळावरच्या कुणी आपल्या गुडघ्यांना लावलं? इकडे देवाच्या कृपेने सगळे बरे आहेत. केलेपी तर फारच बरा आहे, आणि तेच आमचं दुखणं आहे.

तुमच्याकडे चार वर्षं राहून तो काय शिकला, हे तुम्हालाच ठाऊक. माझ्या बहिणीचा मुलगा, तेव्हा आपल्या रीतीप्रमाणे मामाच्या घरातलं हवं ते उचलायचा त्याला हक्क आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आल्या आल्या त्याने माझी ताडपत्री नेली, मी हसलो. रविवारचा कोट नेला, तरी हसलो. मग फोन नेला (म्हणून हे पत्र). पण तो जे घेतो त्यापेक्षा जे देतो त्याने गाव हैराण झालं आहे. तो ज्ञान देतो. दर शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये. इतिहास, चालीरीती, निसर्ग आणि रोजचं जगणं यांतल्या ‘थक्क करणाऱ्या कल्पना’ असं त्याने दारावर लिहून लावलं आहे. माझी घरधनीण लुपे देवाघरी गेल्यापासून तिच्या चादरी कपाटात घडी घालून होत्या, त्यातली पांढरी याने न विचारता चित्रं दाखवायला पडदा म्हणून टांगली.

आणि थक्क करतो म्हणजे काय? आमचंच आम्हाला सांगतो! पहिल्या शुक्रवारी कळलं की ज्या गोऱ्या कप्तानाने आपल्या बेटांना मित्रांची बेटं म्हटलं, त्यालाच मेजवानीत मारायचा सरदारांचा बेत होता म्हणतात. ही गोष्ट आपल्याकडे दात न आलेल्या पोरालाही ठाऊक आहे. दुसऱ्या शुक्रवारी कळलं की बाईचा मान भावापेक्षा मोठा असणं जगाला विचित्र वाटतं. (जगाला म्हणावं, एकदा आमच्या आत्यांना भेट.) पुढे एकदा वटवाघळं उलटी का लटकतात यावर तो इतका वेळ बोलला की शेजारचा फिनाऊ बसल्या जागी घोरायला लागला. तरी लोक जातात, कारण शेवटी चहा आणि पाव असतो. हा विद्वान त्यालाच ज्ञानाची भूक समजतो.

मग त्याची नजर आमच्या डुकरिणीवर गेली. तुम्ही पाहिली आहे, फाटक्या कानाची, लुपेने वाढवलेली ती. ओहोटीला ती इतर डुकरांसारखीच पाण्यात उतरते, चिखलात नाक घालून तिसऱ्यांचे शिंपले शोधते, कडाकड फोडून खाते. ओहोटीला डुकराने आणखी कुठे जायचं? पण केलेपी गुडघाभर पाण्यात माझाच कोट घालून, माझ्याच फोनवर तिचं चित्रण करत उभा राहिला आणि ओरडला, “मामा! हे जगात कुठेच नाही!” मी म्हटलं, “कोट भिजतोय ते बघ.”

त्या शुक्रवारी लुपेच्या चादरीवर ती डुकरीण बैलाएवढी दिसली. लोक खूष. केलेपीला चेव चढला. रविवारी आपल्याकडे मासेमारी बंद, पोहणं बंद, पण ही बाई रविवारीसुद्धा समुद्रात जाते, देशात रविवार मोडायची हिंमत हिलाच आहे, असं तो म्हणाला. सगळे हसले, पण पहिल्या रांगेत पाद्रीबुवा बसले होते आणि ते हसले नव्हते.

आता शहाण्या माणसाने डोकं खाली घालून माफी मागितली असती. याने काय करावं? पाद्रीबुवांना खूष करायला तिथल्या तिथे जाहीर केलं की हीच डुकरीण चर्चच्या वार्षिक मेजवानीला, आमच्या घराण्याच्या पंगतीत, भाजून ठेवली जाईल. वर म्हणतो, “तिसऱ्यांवर पोसलेली आहे, मीठसुद्धा लावायला नको!” आता मात्र पाद्रीबुवा हसले. रविवारी त्यांनी व्यासपीठावरून ते वाचूनही दाखवलं. चर्चला दिलेला शब्द आपण होऊन मागे घेणारं घराणं इथे तोंड दाखवू शकत नाही, हे तुम्हाला मी काय सांगू.

मी म्हटलं, “बाबा, माझी दोन मोठी डुकरं ने, तिच्यापेक्षा गुबगुबीत आहेत.” तर म्हणतो, “मामा, लोक तिलाच ओळखतात. दुसरं ठेवलं तर फसवणूक होईल.” सत्याची चाड बघा! कोट परत करताना ही कुठे जाते? मग मी तिला फिनाऊच्या गाडीत घालून खाडीपलीकडे त्याच्या मेव्हण्याकडे सोडून आलो. (अंगणात घाण फार करते, दुसरं काही कारण नाही.) आम्ही परत फिरून वाटेत गुंगी आणणाऱ्या कावाचे पेले रिचवत बसलो आणि घरी येऊन बघतो तर बाईसाहेब उथळ पाण्यातून चालत आमच्या आधी दारात हजर. केलेपीने त्याचंही चित्रण केलं. ‘डुक्कर घरची वाट कशी ओळखतं?’ पुढचा शुक्रवार त्यावर.

असो. एका डुकरासाठी एवढं पत्र लिहिणारा माणूस मूर्खच म्हणायचा. बुधवारी मेजवानीची भट्टी पेटेल, गाव जेवेल, विषय संपेल. मला काय त्याचं? तुमची तब्येत जपा, थंडीत पायात मोजे घालत जा.

तुमचा आज्ञाधारक,
मानासे

ता. क. पत्र सोमवारच्या विमानाने तिकडे येणाऱ्या फिनाऊच्या सुनेजवळ देतो आहे. पोचताच वाचा. तुमचा चष्मा सापडत नसेल तर तिच्याकडून वाचून घ्या, पण इथपर्यंतच.

ता. क. २. आत्या, भाच्याचा हक्क मामावर, पण तुमचा हक्क आम्हा सगळ्यांवर. तुम्ही पाद्रीबुवांना फोन करून नुसतं म्हणालात, ‘ती फाटक्या कानाची माझी आहे,’ तर केलेपीच काय, अख्खं चर्च गप्प बसेल आणि आमचा शब्दही मोडणार नाही. माझी दोन्ही मोठी डुकरं मी आनंदाने देतो. तेवढं मंगळवारी करा. आणि मागितल्यावर तिला इथेच राहू द्या.

ता. क. ३. ती पिल्लू असताना लुपे तिला मांडीवर घेऊन हाताने दूध पाजायची. अजून संध्याकाळी, लुपे हाक मारायची त्या वेळेला, ती समुद्रातून येते आणि स्वयंपाकघराच्या दाराशी आडवी होते. मी आत चटईवर बसलेला असतो. बोलत कुणीच नाही, पण घर रिकामं वाटत नाही. हे केलेपीला सांगू नका. मामा डुकरासाठी रडला हे त्याला कळलं, तर शुक्रवारी लुपेच्या चादरीवर मी दिसेन.