गेटवेवर आधीच कुणीतरी

उस्ताद, छावणीतल्या आपल्या गॅरेजात गाडी आली की बॉनेट उघडायच्या आधी तुम्ही मालकाला विचारायचात, "इसको किसका हाथ लगा?" तो "किसी का नहीं" म्हणाला, तरी नटांच्या कडा निरखत बसायचात. एकदा मी न बघताच कार्बोरेटर खोलला, तर म्हणालात, "मियाँ, इत्ता भरोसा ससुराल में रखना." तो संशय मी जपला. आता मात्र ओरखडा शोधायला नट नाही. गाडीला नेटवर्कची केबल लावतो. गाडी आपला नंबर, नेटवर्कवरचा आपला पत्ता सांगते. मग माझा लॅपटॉप आत यायची परवानगी मागतो. दारावर गेटवे नावाचा डबा. तो हो म्हणाला तरच पुढं इंजिनाशी, ब्रेकशी बोलणं. हे कुठल्या कोर्सला न जाता, एकेक संदेश वाचून शिकलोय.

परवा करमाडचे काका आले. माझं जुनं गिऱ्हाईक. डॅशबोर्डवरचा ब्रेकचा दिवा विझत नव्हता. केबल लावली, तर गेटवेचा नकार: जागा भरलेली आहे. या गाडीत एका वेळी एकालाच बसता येतं, आणि बसलेल्याला गेटवे विचारून बघतो, अजून आहेस का? आतून कुणीतरी होय म्हणत होतं. मी काकांना विचारलं, "गाडीला कुणाचा हात लागला?"

"कुणाचा नाय बा. दिवाळीत जावयानं गंगापूरला नेली होती, तेवढंच."

"मग त्यांनीच काहीतरी चोरून बसवलंय," मी ठामपणे बोललो. काकांनी तिथंच फोन लावला. "जावईबापू, माझ्या गाडीवर पाळत ठेवता व्हय?" पलीकडून आधी जावई, मग मुलीचा चढलेला आवाज. काका फोन बंद करून स्टुलावर बसले, माझ्याकडं बघेनात.

मी डॅशबोर्डखाली सगळं चाचपलं. काही नाही. मग लॅपटॉपकडं नजर गेली. सकाळी उघडलेला, गाड्या तपासायचाच दुसरा प्रोग्रॅम मागं चालूच होता. केबल लावताच तो माझ्याआधी जाऊन बसला होता, आणि होय होय म्हणत होता. बंद केला, गेटवे उघडला. बिघाड मागच्या चाकाच्या सेन्सरचा निघाला.

"काय होतं हो आत?" काकांनी विचारलं.

"होतं ते निघालं," मी म्हणालो.

त्यांनी माझे आभार मानले, उस्ताद. जावयाचं नाव पुन्हा काढलं नाही. खरं सांगायला मी दोनदा त्यांचा नंबर काढला नि फोन खिशात ठेवला. तुम्ही गेलात तिथवर पत्र जात नाही, म्हणूनच हे तुम्हाला लिहू शकलो.