मनीषाला सांगायचं राहिलेलं अर्धं

ता. ३ नोव्हें., सोम., पेडगाव
वहीची माफी मागतो. पोळ्यानंतर आज हात लावला. इतके दिवस लिहिण्यासारखं नव्हतं, आता आहे.
सकाळी पुण्याहून मनीषाचा फोन. कंपनीत तिच्या हाताखाली सहा जण होते, आता तीस. त्यांचं सॉफ्टवेअर कंटेनरमध्ये, म्हणजे डब्या-डब्यांत भरून चालतं. एक डबा बंद पडला की दुसरा उभा करायचा, गर्दी झाली की डबे वाढवायचे. ही देखरेख करणारी यंत्रणा तिला शुक्रवारपर्यंत निवडायची आहे. एक मोठी, कुबरनेटिस नावाची. एक साधी. चुकलं तर नाव लेकीचं जाणार.
"आबा, तुमी वीस वर्षं ऊसतोडीची मुकादमकी केली. टोळी वाढली तवा काय केलं?"
"माय, मी सातवी नापास. मला काय इचारतीस?"
"डबे म्हणजे कोयते समजा."
कोयता म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी. एक जोडी आजारी पडली की तिचा ऊस दुसऱ्या कोयत्याला. खरंच तेच की.

ता. ५, बुध.
मीच फोन केला. विचारलं, मोठी यंत्रणा कोणाला येते? तिच्या हाताखालच्या एकट्या विशालला. म्हटलं, "त्यो लग्नाला गेला तर फड कोण चालवील? सगळ्यांना जमंल ते घे."
हसली. "मीटिंगमधी हेच बोलते, आबा."
घरची म्हणाली, "सातवी नापास माणूस कंपनी चालवायलाय." जेवण चांगलं गेलं.

ता. ७, शुक्र.
तिनं साधी घेतली. विशाल रुसलाय. रविवारी सकाळी आठला सगळे डबे नव्या यंत्रणेवर.
दुपारी फाट्यावरून टोळ्यांचे ट्रक गेले. पत्रे, भांडी, लेकरं. माझ्या टोळीतली कासाबाई आठवली.
मी मनीषाला अर्धंच सांगितलं. बारा कोयते होते तोवर साधं चाललं, सगळं डोक्यात बसायचं. चाळीस झाले तरी डोक्यातच ठेवलं. लोक म्हणायचे, हाताखाली दोघं नेमा, काही पद्धत लावा. ऐकलं नाही. एका शेतातला ऊस संपला, फड बदलला, गाड्या भरल्या, निघालो. कासाबाई, तिचा नवरा, तापलेलं लेकरू जुन्याच फडात राहिले. तिसऱ्या दिवशी ध्यानात आलं, आणायला गेलो.
भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मुकादम, आमी मोजण्यात न्हाई काय?"

ता. ८, शनि.
तीनदा फोन. चौथ्यांदा उचलला. "आबा, लय गडबडीत हाय, उद्या बोलते." बरं म्हणून फोन ठेवला.
घरचीला सांगितलं. "इतक्या वर्षांनी सांगायलाव?" म्हणाली. मग उठून चुलीकडं गेली.
शेवटी मोबाईलवर बोलून पाठवलं. सगळं, कासाबाईसकट.

ता. ९, रवि.
साडेदहा झाले. निरोपावर अजून एकच टिक. फोन बंद. आठलाच सुरू झालं असणार. आता ऐकून तरी ती काय करणार.
घरची दोनदा विचारून गेली.
मनीषा, आता वहीतच लिहितो. विशालला जवळ कर. रुसलेला माणूस सोडून पुढं जाऊ नये. आणि माय, यंत्रणा साधी असो का मोठी, कोण कुठं आहे हे एकट्याच्या डोक्यात ठेवू नको. तुझ्याही नाही.
सगळे डबे पोचले का, मागं कोणी राहिलं नाही ना, एवढं लवकर कळव.