मांडीखालचा एक्का

चिमणे,

काल तुझ्या काव्यवाचनाला आलो, तेव्हा तू कवितेत माझं काय करतेस, याचीच धास्ती होती. तुझ्याआधीच्या कवींनी आपापल्या बापाचा वटवृक्ष नाहीतर डोंगर करून टाकला. आया तर सगळ्यांच्याच रडत होत्या. तुझी आई कुजबुजली, "अहो, यांच्यातली एकही हसत कशी नाही?"

मग तू उठलीस. तुझ्या कवितेतला बाप लिफ्ट दुरुस्त करून घरी येतो, पत्त्यांत हरला की रुसतो आणि हुकमाचा एक्का मांडीखाली लपवतो. सगळे खदखदून हसले आणि माझा जीव भांड्यात पडला. जिवंतपणीची श्रद्धांजली टळली!

हे पत्र पाठवणार नाही. कवितेत एक चूक आहे, ती तशीच राहू दे. एक्का मी लपवत नाही गं. तू जिंकायला लागलीस की तुझी आईच तो हळूच माझ्याकडे सरकवते.

तुझा,
डोंगर होता होता वाचलेला बाबा