प्रत्येकी एक टोपली

सोमवार

चि. बल्लव यास आजीचे अनेक आशीर्वाद.

महिन्यापूर्वी येऊन शेतं पाहून गेलास, त्यानंतर पत्र नाही. आजीला विसरलास की लिहायला? मला अक्षर येत नाही, तरी माझं पत्र निघतं. काकू लिहून घेते आहे आणि गालात हसते आहे. तुझ्या हाती पडावं म्हणून भाजीच्या गाडीत भोपळ्याखाली ठेवते.

तुझ्या कारखान्याच्या कँटीनला यापुढे लांबच्या व्यापाऱ्याची नाही, आपली भाजी जाणार म्हटल्यावर सात घरांची सात तोंडं सुटली. भोपळेवालीला जास्त पाठवायचं होतं. मिरचीवाली म्हणाली, शेत लहान म्हणून मला कायम मागे ठेवता. ते खरंच होतं. मी निकाल दिला, प्रत्येकी एक टोपली, काठोकाठ. सगळ्या टोपल्या भरायला पळाल्या. इतकी शांतता मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकली.

लोभ आहेच, तो वाढवायला पत्र लागतं.

तुझी आजी


गुरुवार

ती. आजीस सा. न. वि. वि.

विसरलो नव्हतो गं, भोपळे चिरत होतो.

तुझा न्याय पोचला. भोपळ्याच्या टोपलीएवढीच मिरचीची टोपली निघाली. काही टाकायचं नाही हा आपला नियम, म्हणून सगळं शिजवलं. फोरमन जेवून उठले ते थेट नळाखाली डोकं घालून बसले. हिशेबनीस बाईंच्या डोळ्यांतलं पाणी पाहून कारखाना बंद पडतोय अशी अफवा उठली.

कारखान्याचे साहेब सोमवारी स्वतः जेवायला येणार आहेत. पुन्हा असंच झालं तर व्यापाऱ्याचा ट्रक परत सुरू. मिरचीवाल्या मावशींना वगळा, असंही म्हणाले. माझ्याच्याने ते होणार नाही. तूच काहीतरी कर.

लोभ असावा, तिखट नसावा.

तुझा बल्लव


बुधवार

चि. बल्लव यास आशीर्वाद, निम्मेच.

साहेबांनी दोनदा वाढून घेतलं आणि ट्रक कायमचा बंद झाला, हे मला गाडीवाल्याकडून कळावं? तुझी शाई काय भोपळ्याने प्यायली?

माझा निकाल बरोबर होता, टोपली चुकली होती, म्हणून सोमवारच्या गाडीत मिरची मूठभरच चढवली. यापुढे तू काय शिजवणार ते आधी कळव, ज्याच्या शेतात असेल ते गाडीत चढेल, आणि मिळकत सातही घरांत सारखी. मिरचीवाली मूठभरच मिरची देते, पण निवडणं, धुणं सगळं तिच्याकडे. सारख्या वाट्यावरून भोपळेवाली फुगली होती. मी विचारलं, ट्रक परत सुरू झाला असता तर सात टोपल्या भोपळा तू एकटीने खाल्ला असतास का? दुसऱ्या दिवशी तिनेच घेवड्याचं बी मिरचीवालीला नेऊन दिलं. उरलेल्या मिरच्या माझ्या गच्चीवर वाळताहेत. काकू शिंकली की अक्षर वाकडं येतं, समजून घे.

एक राहिलंच. पिकवतो आम्ही, पण तुझ्या हातचं इथे कुणी चाखलेलं नाही. पुढच्या रिकाम्या टोपल्यांतून सात डबे पाठव. लोभाचं त्यानंतर बघू. मिरचीवालीचा डबा तेवढा फिका ठेव, तिला तिखट अजिबात सोसत नाही.

तुझी आजी