झोपेत लागलेला हात

११ जानेवारी, सकाळ
ममताच्या डोळ्याखाली पुन्हा काळंनिळं झालंय. वाईट वाटलं. पण मी झोपेत होतो. स्वप्नात गुंड अंगावर आले, एकटा लढलो, त्यातला एक ठोसा शेजारी लागला. झोपलेल्या माणसावर राग धरायचा नसतो, हे बायकोला शांतपणे समजावलं. ती उठून डोळ्याला बर्फ लावायला गेली. पटलं असावं.
आजपासून झोपण्याआधी प्राणायाम. फायनल.

१२ जानेवारी
प्राणायाम राहिला. मॅच होती.

१४ जानेवारी
संक्रांत. शेजारच्या वासंतीकाकू तिळगूळ घेऊन आल्या. डोळ्याला काय झालं, विचारलं. ममता म्हणाली, कपाटाचं दार लागलं. समजूतदार आहे.

१८ जानेवारी
काल जेवताना ममताने माझ्या बॉसची बाजू घेतली. मी चिडलो नाही. फक्त पानावरून उठलो. ताट भिंतीवर गेलं, पण स्टीलचं आहे. मग स्वप्नात नेमका बॉस आला. लाथ मात्र ममताच्या बरगडीत बसली. ती म्हणते, भांडण झालं की त्याच रात्री बरं स्वप्न पडतं तुला! योगायोग. आता ती सोफ्यावर झोपणार म्हणे. माझ्या इमेजचं काय?

२३ जानेवारी
एका हॉस्पिटलच्या स्लीप लॅबला रिसर्चसाठी माणसं हवीत. झोपेच्या कुठल्या टप्प्यात स्वप्नं पडतात ते बघणार. लगेच नाव दिलं. झोपेत हात चालवणं हा आजार असतो, गूगलवर वाचलंय. डॉक्टरांनी एकदा लिहून दिलं की ममताचं तोंड बंद. तिथल्या डॉ. भाविकांना म्हटलं, माझी केस गाजेल. त्या हसल्या नाहीत.

१ फेब्रुवारी, सकाळ, लॅबमधून
डोक्याला, हनुवटीला, पायांना वायरी. टेक्निशियन काशीनाथ, उत्तन गावचा, दणकट. स्क्रीनवर स्वप्नाची झोप दिसली की तो मला उठवून काय दिसलं ते विचारणार. आधी सांगितलं, चेणे गावच्या नदीत म्हशी. मग दहावीचा पेपर. पुढच्या वेळी गुंड होते, म्हणून ठोसा काशीनाथच्या नाकावर बसला. रक्त उशीपर्यंत. त्याने माझी मनगटं गादीवर दाबून धरली. ओरडला, "सायब, तुमी जागं हाव! सारखं उठवू नको बोललात, न् मंग मारलंत!"
मला काही आठवत नाही. आजाराचं लक्षणच ते. पुरावा मिळाला!

८ फेब्रुवारी
रिपोर्ट. ममताला मुद्दाम नेलं. डॉ. भाविकांनी स्क्रीन आमच्याकडे वळवला. म्हणाल्या, स्वप्नाच्या झोपेत निरोगी माणसाचे हातपाय लुळे पडतात. या आजारात पडत नाहीत. माझे दर वेळी लुळे. ठोसा मारला तेव्हा मी पूर्ण जागा. व्हिडिओही होता. मी म्हटलं, मशीन खराब असेल.
ममताने विचारलं, "म्हणजे ह्याला आजार नाहीये?"
"या टेस्टमध्ये तरी काहीच नाही."
मग डॉक्टरांनी मला बाहेर बसवलं. दोघी खूप वेळ बोलत होत्या. बाहेर काशीनाथ, नाकाला पट्टी. मी गुड मॉर्निंग केलं. तो उठून गेला. मॅनर्स नाहीत.

९ फेब्रुवारी
ममता बॅग भरून जेसल पार्कला भावाकडे निघाली. मी दार अडवलं. हात उचलला. भरदुपारी. ती मागे सरली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "आत्ता झोपलायस का, पराग?"
हात खाली आला. कसा, कळलं नाही. ती गेली.

११ फेब्रुवारी
पोलीस स्टेशनमधून फोन. ममताने तक्रार दिलीय. फोनवरच्या मॅडमना सविस्तर समजावलं, की झोपेत माणसाच्या हातात काही नसतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "उद्या अकराला या. जागे होऊन या."