अंगणातला कोबा

प्रिय आई,

आज सकाळी शेजारच्या सुमनकाकू ओंजळभर मोगरा घेऊन आल्या, म्हणून लिहायला बसलो. तू गेल्याला तीन आठवडे झाले. मी शहापूरला कामावर जातो, परत शेणव्याला येतो. रडू आलेलं नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुझ्या फोटोला फुलं वाहतानाही नाही. लोक म्हणाले, पोरगा धीराचा आहे. धीर कसला!

फाल्गुनात आपलं अंगण कसं दिसायचं! मागे पांढरी तगर, पुढे अबोली, दाराशी मोगरा. तू रस्त्यावर जाऊन, डोळे बारीक करून बघत राहायचीस. एकदा ऐन फुललेला झेंडू मुळासकट उपटलास. मी म्हटलं, "आई, चांगला फुललाय की!"

"लय ओरडतो रे तो. अबोली दिसूच देत नाय."

मी हसलो होतो. चित्र काढणाऱ्या माणसाला कुणी असं हसतं का?

मग मी गाडी घेतली. तू दवाखान्यात होतीस. तिथंच तुला सांगितलं, सोमवारी अंगणात कोबा करून घेतो, गाडी लावायला. तू नुसतं "बरं" म्हणालीस. सोमवारी अंगण मोकळंच होतं. मला वाटलं, मजुरांनी साफ केलं. विचारलंसुद्धा नाही.

घरी आलीस, सिमेंटवरून हळूहळू दारापर्यंत गेलीस. "बरं झालं, चिखल नाय होणार." बारा दिवसांनी गेलीस.

आज काकूंना विचारलं, "मोगरा कुठला?"

"तुझ्या आईचाच. दवाखान्यातून फोन केला तिनं. सोमवारच्या आत काढून ने गो, म्हणाली. तगर माझ्या मागल्या दारी आहे, अबोली वरच्या आळीत."

"मला का नाही सांगितलंत?"

"तीच म्हणाली, त्याला नको बोलू. हौसेनं गाडी घेतलीय त्यानं."

आई, एकदा तरी नाही म्हणायचंस! भांडायचंस माझ्याशी!

वरच्या आळीत जाऊन आलो. पाण्याच्या टाकीमागे तुझी अबोली फुललीय. बराच वेळ उभा राहिलो. काहीच वाटलं नाही. कुणीतरी चहाला हाक मारली, तेव्हा कळलं की ऊन डोक्यावर आलंय.

घण आणून ठेवलाय. रविवारी कोबा फोडतो. गाडी राहील रस्त्यावर. पावसाच्या तोंडावर तुझी सगळी झाडं घरी आणीन. कोणत्या रंगाशेजारी कोणता, ते मला कळायचं नाही. चुकेल. उपटीन. परत लावीन.

तुझा,
संदीप